वाडीतली गोदी

“डोंग्याले कधी ओढू नोको, सूनबाई. ओढला का त्याची कंबर मोडते. पान्यालेच म्हनावं, तूच उचल अन् तूच हळू खाली ठेव.”

तुलाराम मामाजींचं हे बोलणं सखाबाईच्या कानात यायचं ते नेमकं सकाळी, तलावात तांब्या बुडवताना. सासऱ्यांना जाऊन कितीक वर्षं झाली, पण आवाज तसाच, तंबाखूनं जरा बसका. आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून ती काठावर यायची. तांब्याभर पाणी सूर्याला, तांब्याभर तुळशीला, आणि मगच तिच्या तोंडात चहाचा घोट. लग्न होऊन या घरी आली तेव्हापासूनचा नेम. ताप असो, झड लागलेली असो, चुकला नव्हता.

आश्विन लागला होता. तलाव गळ्यापर्यंत भरला होता. पाणी थेट घरामागच्या वाडीच्या कुंपणाला, सिंदीच्या झाडांच्या बुडाला लागून डुलत होतं. खुंटाला बांधलेला डोंगा, घरची लाकडी होडी, अर्धा खाली बसला होता. रात्रीतून त्याच्या पोटात एवढं पाणी शिरलं होतं, की त्यात एक बेडूक आपलंच घर असल्यासारखा पोहत होता.

सखाबाई लुगडं खोचून मांडीभर पाण्यात उतरली आणि शिंगाड्याचा जवळचा वेल तिनं हलकेच उचलला. पानांच्या खाली हिरवी-लाल फळं लटकत होती. एकाला तिनं नखानं दाबून पाहिलं. अजून दुधाळ होतं, पण घट्ट व्हायला लागलं होतं. शिंगाड्याचं असं असतं, की पिकला की तो कोणाची वाट पाहत नाही. देठ सोडतो आणि सरळ तळाच्या गाळात जातो. मग तो तलावाचा, आपला नाही.

आणि यंदाचा वेल साधा नव्हता. तलावाचा पूर्वेचा कोना मासेमार ढिवरांच्या संस्थेनं यंदा पहिल्यांदा तिच्या नवऱ्याच्या, बुधरामच्या घराला दिला होता. बैठकीत पुष्कळ जणांनी मान हलवली. बुधरामचा गुडघा धरलेला, पोरगा लिलाधर वरठीच्या कारखान्यात, घरी राहिल्या दोन बाया. यांच्यानं कोना झेपणार कसा? तेव्हा सखाबाई, जी बैठकीत कधी बोलत नसे, पदर सावरून एवढंच म्हणाली होती, “झेपते. नाही झेपला त पुढच्या साली कोनाले बी द्या, मी तोंड नाही उघडनार.” ज्येष्ठात तिनं आणि सून रंजूनं छातीभर पाण्यात उभं राहून एकेक वेल अंगठ्यानं गाळात रोवला होता. आता वेल भरून आला होता, आणि तिथवर जायला डोंगा नव्हता.

पूर्वी डोंगा नादुरुस्त झाला की सगळी ढिवरवस्ती, सगळा टोला धावून यायचा. बाप्ये खांद्यावर घेऊन त्याला नवरदेवासारखा काठावर आणून ठेवायचे. आता बाप्ये कुठं राहिले? कोणी वरठीला, कोणी नागपूरला. मागच्या उन्हाळ्यात उरल्यासुरल्या चौघांनी दोर लावून डोंगा ओढला आणि बुडाच्या फळ्यांनी तोंडं उघडली. सगळा पावसाळा एकानं बांबू मारायचा आणि दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसायचं, असं चाललं. पण शिंगाडे तोडायचे तर माणूस काठावर वाकून बसणार, मधे भरलेली टोपली राहणार. गळका डोंगा तेवढ्यानंच पालथा होईल.

त्या सकाळी तुळशीला पाणी घालून ती परत फिरली आणि तिची नजर कुंपणाखाली हलणाऱ्या पाण्यावर गेली. पाणी वाडीला लागलेलंच होतं. हात लांबवला तर वाडीत यायला तयार.

बुधराम ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. ती चहा घेऊन त्याच्याजवळ टेकली. म्हणाली, आपण डोंग्याला काठावर न्यायचंच नाही. काठालाच वाडीत आणायचं. कुंपणापासून आत डोंग्याच्या मापाची बोडी खोदायची, तोंडाशी मातीचा पाळू, आडवा बांध, राखायचा. खोदून झालं की पाळू फोडायचा, पाणी आत घ्यायचं, पाण्यासंगं डोंगा आत येईल. मग तोंड बुजवायचं आणि पाणी उपसायचं. पाणी खाली जाईल तसा डोंगाही खाली जाईल आणि ओंडक्यांवर बसेल. कोणी ओढायचं नाही, कोणी उचलायचं नाही.

बुधरामनं चहा संपवला. बशी उलटी करून ठेवली. “अन् भाजीपाला?”

“भेंडी निंगालीच हाय. वांगे राह्यले, ते मी इकडं लावतो.”

“लोकं हासन.”

“हासू द्या जी. हासले त कुदळ थोडीच बोथी होते.”

बुधराम पुन्हा गुडघा चोळू लागला. पण थोड्या वेळानं ती पाहते तर हा लंगडत डोंग्याच्या लांबीचा बांबू घेऊन वाडी मोजत होता. दुपारपर्यंत तो कुंपणापलीकडून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, की ही युक्ती आपल्या डोक्यात केव्हाची होती. लिलाधरला फोन लावला तर तो तिकडून हसून म्हणाला, याले गोदी म्हणतात, बाबा, मोठाल्या जहाजांची असते. तेव्हापासून बुधराम बोडीला बोडी म्हणेना. गोदीच म्हणे.

दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू झाली. वरची माती काळी, भुसभुशीत, खतानं पोसलेली; तिच्यात कुदळ अशी जायची जशी दह्यात पळी. तिच्याखाली पिवळी चिकण माती लागली आणि सगळ्यांची कंबर बोलायला लागली. फावड्याला चिकटलेलं ढेकूळ झटकून पडेना, हातानं सोलून काढावं लागे. बुधराम उभा राहून खोदायचा, गुडघा दुखला की बसून खोदायचा. सखाबाई घमेलं भरायची, रंजू डोक्यावर घेऊन कुंपणाशी टाकायची. रंजूचं माहेर भंडाऱ्याचं, पितळी भांड्यांच्या गल्लीतलं. तिच्या तळहाताला फोड आले तेव्हा सखाबाईनं हळद-तेल लावून चिंधी बांधली आणि म्हणाली, आज राहू दे. रंजू म्हणाली, “आई, वेल मी बी रोवला ना. मंग खड्डा काहून दुसऱ्याचा?” आणि पुन्हा घमेलं उचललं.

लोक हसले, हे तर होणारच होतं. शेजारच्या वाडीतला घनश्याम, चांगला धानकरी, दारात ट्रॅक्टर असलेला माणूस. तो रोज संध्याकाळी कुंपणाला हात टेकून उभा राहायचा. म्हणायचा, बुधरामभाऊ जहाजाचा कारखाना टाकून राहिला, आता गावात समुद्र तेवढा आणायचा राहिला. कोणी विचारी, तिकीट कुठं मिळते. बुधराम सगळ्यांना गंभीरपणे उत्तर द्यायचा, तेव्हा ते जास्तच हसायचे. सखाबाई मान खाली घालून घमेलं भरत राहायची आणि मनात म्हणायची, हसा बाबा, हसण्यानं माती हलकी होते.

खड्डा कमरेखाली गेला. तळ सपाट झाला. आता पाळू फोडायचा, तेवढ्यात बुधराम म्हणाला, थांबा, तळ अजून कच्चा आहे. यातून तलावाचं पाणी झिरपत राहील. आणि त्याला जे जन्मभर येत होतं ते त्यानं केलं. चार बादल्या पाणी ओतलं आणि पायानं चिखल करायला लागला. या मुलखात मूल चालायला शिकतं तेच चिखलात. सखाबाईचे पायही आपोआप लागले, रंजूही उतरली. धानाच्या रोवणीच्या आधी बांधीत करतात तसा लोण्यासारखा चिखल झाला. सखाबाईनं रोवणीचं एक जुनं गाणं धरलं, रंजूनं त्याची ओढ उचलली, आणि गुडघ्याचं दुखणं विसरून बुधराम त्या तालावर पाय मारत राहिला. तळ झाला, भिंती लिंपून झाल्या. बुधराम बाहेर येऊन पाय धूत म्हणाला, “माह्या बांधीतून थेंब जिरत नाही. इचारा कोनाले बी.”

रविवारी लिलाधर मोटारसायकलवरून आला. पाळू फोडला तेव्हा टोल्यातली लेकरंबाळं, म्हातारीकोतारी कुंपणाला ओळीनं लागली होती. पाणी आधी बोटभर धारेनं आलं, मग हातभर, मग सगळी गोदी भरून काठोकाठ झाली. लिलाधरनं डोंग्यातलं पाणी उपसून त्याला हलका केला आणि रंजूनं त्याच्या नाकाला नुसतं बोट लावलं तसा डोंगा आत आला, सासरी आलेल्या पोरीसारखा थबकत, बाजूंना अंग घासत. हसणारे हसायचे थांबले. तोंडाशी फळ्यांच्या दोन रांगा ठोकल्या, मधे माती दाबली आणि चौघांनी बादल्या हातात घेतल्या.

उपसता उपसता हात गळून आले. पण पाणी उतरत होतं आणि पाण्यासंगं डोंगा उतरत होता. शेवटी तो खाली ठेवलेल्या ओंडक्यांना टेकला. बुधरामनं हात जोडले.

आणि त्याच वेळी एका बाजूचा ओंडका हळूच चिखलात शिरला.

डोंग्यानं मान वाकडी केली. मग दुसरा ओंडका गेला. बघता बघता डोंगा कुशीवर कलला आणि त्या लोण्यासारख्या चिखलात म्हशीसारखा आरामात बसला. पाणी आणखी उपसावं तर घोट्यापर्यंत चिखलपाणी राहतंच. ते जिरायचं नाव घेईना. जिरेल कसं? जन्मभर पाणी धरून ठेवायला शिकलेल्या पायांनी तो तळ केला होता.

सकाळी गोदीत बेडकांची बैठक भरली होती. तळ डोंग्याच्या बुडाला मिठी मारून होता. फळ्या वाळणं दूरच, जास्तच फुगल्या होत्या. सखाबाई काठावर उभी असताना कुंपणापलीकडून घनश्यामची बायको मंगलाबाई शेणाची टोपली घेऊन चालली होती. दोघी एकाच साली या गावात नवऱ्या होऊन आलेल्या. मंगलाबाईनं डोकावून पाहिलं, थोडा वेळ ओठ दाबून धरले, पण राहवलं नाही.

“सखे, रोवनीले किती बाया सांगू वो?”

सखाबाईला रडू येत होतं ते कुठं गेलं कोण जाणे. ती हसली, मंगलाबाई हसली, आणि दोघी कुंपणाला धरून इतक्या हसल्या की मंगलाबाईची टोपली खाली पडली.

बुधरामला मात्र हसू आलं नाही. गावभर आता गोदीची बांधी झाली होती. तो पायांत चपला सरकवून निघून गेला.

सखाबाईनं सकाळचा वेल पाहिला होता. दोन फळं बोट लावताच हातात आली होती. तिनं नेमाप्रमाणे सूर्याला अर्घ्य दिलं आणि तुळशीला पाणी घातलं. डोक्यात वेलच होता, म्हणून तांब्या जरा जास्तच ओतला गेला. वृंदावनाच्या बुडाशी असलेल्या भोकातून पाणी धारेनं निघालं आणि दगडावरून वाहून गेलं. वरची माती लगेच मोकळी. ती पाहतच राहिली. हे वृंदावन भरताना खाली फुटक्या कवेलूंचे, छपराच्या कौलांचे तुकडे तिनंच घातले होते, मुळांशी पाणी थांबू नये म्हणून. दर वर्षी घालत होती. धानाला पाणी धरायचं असतं, तुळशीला सोडायचं असतं. डोंगा काय, धान होता होय?

तिनं रंजूला हाक मारली. तेवढ्यात दारात ट्रॅक्टरचा आवाज आला. पुढं घनश्याम, मागं लोखंडी साखळी धरून बुधराम. साखळी बांधायची, हिसका मारायचा, डोंगा वर कोरड्या जमिनीवर. आतापर्यंत हेच करायला पाहिजे होतं, असं बुधराम तिच्याकडे न पाहता म्हणाला.

सखाबाई गोदीत उतरली. पिंढरीपर्यंत चिखलात रुतून ती डोंग्याच्या नाकाजवळ गेली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. तिचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

“भाऊजी, एवढ्या कामाले तुमी आले, तुमचे उपकार हाय. पन साखळी नोका लावू. याची कंबर जाईल.”

घनश्यामनं ट्रॅक्टर बंद केला नाही. म्हणाला, उद्यापासून ट्रॅक्टर आसगावला जातो, धान कापणीपर्यंत तिकडंच. मग शोधून सापडणार नाही. आज ओढायचा तर आज. शिंगाडे गळायला लागले तर नंतर त्याला बोल लावायचा नाही.

बुधराम बारीक आवाजात म्हणाला, “ऐक ना वो. लोकं हासून राहिले.”

“हासले त हासले. फळ्या त नाही मोडत ना हासन्यानं.”

तिचे पाय चिखलात आणखी खाली गेले होते आणि हात डोंग्यावरून निघाला नव्हता. घनश्यामनं दोघांकडे पाहिलं. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्या गोष्टी ओढायची सवय होती. “बरं,” तो म्हणाला, “मंग पाहा तुमचं तुमी,” आणि ट्रॅक्टर मागं घेतला. साखळी बुधरामच्या हातातच राहिली, ती परत द्यायला तो लंगडत मागं धावला.

परत येऊन तो ओट्यावर तोंड फिरवून बसला. सखाबाईनं त्याला बोलावलं नाही. दोघी सासू-सुनांनी तोंडाची माती काढली, पाणी पुन्हा आत घेतलं. चिखलात म्हशीसारखा बसलेला डोंगा पाणी येताच अंग झटकून सरळ उभा राहिला. त्याला आधी बाहेर काढून खुंटाला बांधला. मग गोदीच्या तोंडाशी फळ्या बसवायच्या वेळी दोघींनी दोन रांगा जरा जास्तच जवळ ठोकल्या. बुधरामला ते पाहवेना. “असं असते काय? मधात हात जाईल एवढी माती पायजे,” असं म्हणत तो उठला, आणि उठला तो कामालाच लागला. रुसवा ओट्यावरच राहिला.

पाणी उपसून त्यांनी तो सगळा लोण्यासारखा चिखल काढला. तळ एका कोपऱ्याकडे उतरता केला, कोपऱ्यात घागर मावेल एवढा खळगा केला. झिरपेल ते पाणी तिथं जमेल, तिथून उपसता येईल. घरामागं वादळात फुटलेल्या कवेलूंचा ढीग होता, तो सगळा कुटून तळाला पसरला. पण गोदी मोठी आणि ढीग लहान. निम्मा तळ उघडाच राहिला. वर घालायला मुरूम पाहिजे होता. आसपास मुरूम होता तो घनश्यामच्या फाटकासमोर, अंगण भरायला आणून टाकलेला. सकाळी ज्याचा ट्रॅक्टर परत पाठवला त्याच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं, या विचारात दोघं नवरा-बायको एकमेकांकडे पाहत बसली.

तेवढ्यात कुंपणाच्या खिंडीतून मंगलाबाई आली. डोक्यावर घमेलं, घमेल्यात मुरूम. तिनं ते गोदीत ओतलं आणि म्हणाली, अंगणाला काय, अंगण दिवाळीला भरू. घनश्याम बाहेर गेले आहेत, येईपर्यंत ढीग अर्धा झाला पाहिजे, म्हणजे बोलून फायदा नाही. मग काय, तिघी बाया घमेली घेऊन लागल्या. लाल मुरूम डोक्यावरून, मानेवरून घामात मिसळून ओघळत होता. तिन्हींची तोंडं होळी खेळल्यासारखी झाली. बुधराम आत उभा राहून मुरूम धुमसानं ठोकत होता आणि ठोकता ठोकता सांगत होता, की मुरमाचं आपल्या आधीच ध्यानात आलं होतं.

दम खायला दोघी मैत्रिणी सिंदीखाली बसल्या. पुढं तलाव उन्हात चमकत होता. मंगलाबाई पाण्याकडे पाहत होती. मग कोणी ऐकत नाही असं बघून म्हणाली, “येवढी जिंदगी गेली या तलावाच्या काठावर. पन मधात जाऊन कसं दिसते, मले मालूमच नाही.”

“कधी बसलीच नाही डोंग्यात?”

“नवी होती तवा म्हनलं होतं एकदा. सासू म्हने, आपन त्यायच्या डोंग्यात बसत नाही. मंग कोन इचारते. आता त नातू हासन.”

सखाबाईला त्या सासूचं तोंड आठवलं. ढिवराच्या हाताला भांडं लागू नये म्हणून पाणी वरून ओंजळीत ओतणारी. तिनं ते बोलून दाखवलं नाही. मैत्रिणीच्या कपाळावरचा लाल मुरूम तिनं आपल्या पदरानं पुसला.

“डोंगा पान्यात पडन त्याच दिवशी तुले बसवतो. तुले बसवल्याबिगर पोटात पानी नाही घेनार, हे देवीपुढचं समज.”

“घे, म्हातारपनी काहीबी,” मंगलाबाई म्हणाली आणि घमेलं उचलून चालू लागली. पण चालताना एकदा तलावाकडे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डोंगा पुन्हा आत घेतला. या वेळी कोणी बघायला आलं नाही, एकदा पाहिलेला तमाशा होता. पाणी उतरलं, डोंगा उतरला, ओंडक्यांना टेकला. बुधरामनं ओंडका पायानं दाबून पाहिला. ओंडका हलला नाही. उरलंसुरलं पाणी मुरमातून सरकत, कवेलूंखालून वाट काढत कोपऱ्याच्या खळग्यात गेलं. डोंगा देव्हाऱ्यातल्या देवासारखा सरळ बसला. रंजू त्याच्याखाली पाठीवर सरपटत गेली आणि आतून तिचा आवाज आला, “आई, अठी त उजेड दिसते.” फळ्यांच्या फटींतून तिच्या तोंडावर उन्हाच्या रेघा पडल्या होत्या.

मग ऊन आणि वारा यांनी आपलं काम केलं. फळ्या वाळल्या, उघड्या पडल्या. सखाबाईनं जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडल्या. राळ आणि जवसाचं तेल कढईत तापवताना सगळ्या टोल्यात देवळासारखा वास सुटला. गरम राळेत भिजवलेली पट्टी फटीवर धरायची, बोथट छिन्नीनं आत ठोकायची, वरून डांबराचा हात फिरवायचा. बुधराम ठोकायचा, रंजू पट्टी द्यायची, सखाबाई ठोकलेल्या जागेवरून अंगठा फिरवून पाहायची. जिथं अंगठा अडला तिथं पुन्हा. तिची दोन बोटं राळेनं भाजली. संध्याकाळी घनश्याम कुंपणाशी आला तेव्हा ढिगाची गोष्ट त्याला कळलेली होती. त्यानं वाकून तळ पाहिला. शेवटी एवढंच म्हणाला, की मुरूम चांगला दबला आहे.

पण रोज सकाळी सखाबाई वेल उचलायची तेव्हा हाताला जास्त फळं सुटून यायची. एका सकाळी पानाखालचा एक देठ रिकामाच होता. त्या दिवशी तिनं तुळशीपुढं हात जोडले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. डांबर अजून ओलसर होतं. बुधराम म्हणाला, अजून एक ऊन पाहिजे. तीही म्हणाली, अजून एक ऊन. आणि दोघंही दिवसभर आभाळाकडे पाहत राहिले. ऊन पडलं. चांगलं कडक पडलं.

मंगळवार होता, देवीचा वार. तोंडाच्या फळ्या काढल्या आणि पाणी हळूहळू आत घेतलं. पाणी डोंग्याच्या बुडाला लागलं, बाजूंना चढलं. डोंगा हलेना. बुधरामचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, डांबरानं ओंडक्यांना चिकटला की काय. मग एक बारीक कंप डोंग्याच्या अंगातून गेला, झोपेतून उठणारं लेकरू थरथरतं तसा. आणि तो उठला. कोणाचा हात लागला नव्हता. पाण्यानंच उचलला होता.

बुधरामनं खांद्यावरचा गमछा काढला, डोंग्याच्या तळाशी अंथरला, त्यावर मांडी घालून बसला आणि थोड्या वेळानं गमछा काढून सगळ्यांना दाखवला. कोरडा ठणठणीत. मग घनश्यामलाही दाखवला, आणि त्यानंही हाताळून पाहिला.

पूर्वेच्या कोन्यात सखाबाई आणि रंजू पोहोचल्या तशी सखाबाई डोंग्याच्या काठावरून वाकली. तिनं वेल उलटवला. चार-दोन देठ रिकामे, बाकी सगळे भरलेले. काळपट हिरवी, टपोरी, काट्यांची फळं. हिसडा न देताच हातात येणारी. एक दिवस उशीर झाला असता तर गाळात गेली असती. बोलायला वेळ नव्हता. वेल उलटायचा, तोडायचं, टोपलीत टाकायचं, वेल परत पाण्यावर निजवायचा. बोटांना काटे टोचत होते, भाजलेल्या जागी पाणी झोंबत होतं, डोंगा टोपल्यांनी भरत होता आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. फेरीमागून फेरी झाली. काठावर बुधराम टोपली उतरवून घ्यायचा आणि दर वेळी ओझं तोलून मान हलवायचा, जसं काही त्यानंच पिकवलं.

पहिली टोपली कोणी तोंडाला लावायच्या आधी निंबाखालच्या माता माय देवीपुढं गेली. मग वाडीत चुलीवर पाण्यानं भरलेलं मोठं गंज चढलं. उकडलेल्या शिंगाड्यांचा वास, मीठ, आणि जो येईल त्याच्या हातावर एक मूठ. टोला जमला. संस्थेचा म्हातारा ताराचंदही आला. त्यानं एक शिंगाडा फोडून चावला आणि पुढच्या साली कोना कोणाचा, ते न विचारताच सांगून टाकलं. इथंच राहू द्या, म्हणाला. त्याची मागणी अशी, की त्याचाही डोंगा गळतो, गोदी मोकळी झाली की त्याला आत घ्यावा. आणखी दोघांनी नंबर लावला. बुधराम ओट्यावर बसून ते नंबर बोटांवर ठरवत होता आणि गोदीचा तळ कसा करायचा असतो ते हात पसरून समजावत होता. घनश्याम त्याला मधूनमधून दुरुस्त करत होता, कारण मुरूम त्याचा होता.

घनश्यामच्या घरून बाप्ये आले होते, नातू आला होता. मंगलाबाई आली नव्हती. एवढ्या बाप्या-माणसांत ती यायची नाही.

ऊन कलतं झालं होतं. सखाबाईचा मंगळवारचा उपास अजून सुटलेला नव्हता, तो तिन्हीसांजेला सुटायचा. रंजूला गंजावर लक्ष ठेवायला सांगून ती उठली. मुरमानं लाल झालेलं एक गोणपाट तिनं झटकलं, धुतलेलं दुसरं त्यावर घडी घालून ठेवलं आणि डोंग्याच्या मधल्या फळीवर बसायपुरतं अंथरलं. खुंटाचा दोर सोडला. ओट्यावर कोणी तरी जोरात हसलं. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तिनं बांबू तळाला टेकवला. डोंगा गोदीच्या तोंडातून आवाज न करता बाहेर पडला, शिंगाड्याच्या पानांना कडेनं वळसा घालून गेला, आणि मंगलाबाई आणि बाकी धानकऱ्यांच्या बाया जिथं धुणं धुतात त्या घाटाकडे तिनं त्याचं नाक वळवलं.